अधिक-उणे

माणूस आधी बोलायला शिकला की आधी मोजायला, हे सांगणे कठीण आहे. परंतु मोजल्यावाचून त्याचा एक दिवसही सरत नाही, एवढे मात्र खरे. धर्मगुरूच्या वाट्याला मोजण्याचे नसले तरी नोंदविण्याचे काम फार येते. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, मृत्यूची वही. त्यांत तारखा, वये आणि साक्षीदारांच्या सह्या. लोक दाखला मागावयास येतात तेव्हा त्यांना आमचे मत नको असते, वहीतील नोंद हवी असते. जुन्या वह्या चाळताना मृताच्या नावापुढे कोठे कोठे ‘वय सुमारे सत्तर’ असे लिहिलेले आढळते. त्या ‘सुमारे’ या शब्दाविषयी आमच्या मनात मोठा आदर आहे. लिहिणाऱ्याला नुसते ‘सत्तर’ लिहून मोकळे होता आले असते. विचारणारे कोणी नव्हते. तरीही आपल्याला ठाऊक असलेले कोठे संपते, ती सीमा त्याने एका शब्दात आखून ठेवली.

हा शब्द विज्ञानाच्या भाषेत कसा लिहितात, हे आम्हास अलीकडे एका विद्यार्थिनीने दाखविले. लाखनीची ही मुलगी नागपुरास भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे. दिवाळीच्या सुटीत ती एक कागद घेऊन आमच्याकडे आली. कागदावर एकच ओळ होती : २६८ ± २४ ± १० ± २. ती म्हणाली, “फादर, हे एका कणाचे आयुष्य आहे. उत्तर एक आणि त्याच्यापुढे शंका तीन! आम्ही परीक्षेत असे लिहिले तर सर गुण देतील का?” आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, भौतिकशास्त्राशी आमचा परिचय कॉलेजच्या पहिल्या वर्षापुरता. तेव्हा त्या दिवशी शिकविणारी ती होती आणि शिकणारे आम्ही. तिने सांगितले ते आणि मागाहून आम्ही वाचून पडताळले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन हे क्वार्क नावाच्या सूक्ष्मतर घटकांचे बनलेले असतात. क्वार्कच्या जाती सहा. त्यांपैकी अप आणि डाउन या दोन अगदी हलक्या; आपल्या देहातील व घरादारातील साऱ्या अणूंचे गर्भ त्यांच्यावर उभे आहेत. स्ट्रेंज ही तिसरी जात त्यांहून जड. उरलेल्या तीन, म्हणजे चार्म, बॉटम आणि टॉप, यांना शास्त्रज्ञ जड क्वार्क म्हणतात. हे जड क्वार्क ज्यांत आहेत असे कण आपल्या भोवती साठून राहत नाहीत, कारण ते जन्मताच मोडतात. त्यांना पाहावयाचे तर प्रचंड वेगाने धावणाऱ्या कणांची टक्कर घडवून त्यांना जन्मास घालावे लागते, आणि ते मोडताना मागे जे तुकडे उडतात त्यांच्या वाटा टिपाव्या लागतात.

कागदावरील कणाचे नाव ओमेगा-सी. त्याच्यात एक चार्म आणि दोन स्ट्रेंज असे तीन क्वार्क असतात. वजनाने तो प्रोटॉनच्या जवळजवळ तिप्पट. त्याचे सरासरी आयुष्य २६८ फेम्टोसेकंद. एका फेम्टोसेकंदाचे एका सेकंदाशी जे नाते आहे, तेच एका सेकंदाचे ३ कोटी १७ लाख वर्षांशी आहे. एवढा काळ नेहमीच्या कोणत्याही घड्याळाने मोजता येत नाही. मग मोजतात कसा? अंतरावरून. कण जन्मला तो बिंदू आणि तो मोडला तो बिंदू, या दोहोंमधील अंतर मोजावयाचे; तुकड्यांवरून त्याचा वेग काढावयाचा; आणि अंतरावरून काळ ठरवावयाचा. २६८ फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा ८० मायक्रॉन, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढाच जातो. कण अतिशय वेगात असेल तर आइनस्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे त्याचा काळ आपल्याला मंदावलेला दिसतो आणि हे अंतर पुष्कळ वाढते. तरीही ते फार तर काही मिलिमीटरांच्या घरातले असते. वाटसरू पाहता येत नाही. त्याची चाल आणि त्याने तोडलेली वाट पाहून तो किती वेळ चालला हे सांगावयाचे, असा हा प्रकार आहे.

आता त्या तीन शंका. त्या समजावून घेताना आम्हास धानाचा काटा उपयोगी पडला. आमच्या भागात धान निघाले की सारा मुलूख वजनावर जगतो. पायली-कुडवाची मापे मागे पडून क्विंटलचा व्यवहार आला, तरी शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत अखेर त्या काट्यावरच तोलली जाते. धानात ओलावा १७ टक्क्यांहून अधिक नको, हा नियम तेथील लहान पोरालाही पाठ असतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हास एकदा सांगितले होते, “काटा खोटं नाई बोलत जी फादर, ठेवनारा मानूस बोलते.” तोच कट्टा त्याच काट्यावर तीनदा ठेवला तर तीनदा थोडा निराळा आकडा दिसतो, पुष्कळदा ठेवून सरासरी काढली की हा फरक कमी होत जातो. ही पहिली शंका, मोजणीच्या संख्येची. काटाच उताराच्या जागी मांडला असेल, किंवा बारदान्याचे वजन नीट वजा केले नसेल, तर हजार वेळा ठेवूनही चूक तशीच राहील. ही दुसरी शंका, यंत्राची आणि पद्धतीची. आणि काटा पारखावयास आपण जे शिक्क्याचे लोखंडी वजन ठेवतो, तेच झिजलेले असेल तर? ही तिसरी शंका, मापाच्या मापाची.

ओमेगा-सीच्या ओळीतील तीन आकडे नेमके असेच आहेत. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील ‘एलएचसीबी’ या प्रयोगाने २०१८ साली ते प्रसिद्ध केले. ओमेगा-सीच्या सुमारे एक हजार घटना त्यांच्या हाती होत्या. एक हजार ही संख्या काही अमर्याद नव्हे, म्हणून २४ ची पहिली शंका. शोधक यंत्र आणि पृथक्करणाची रीत यांत जे उणे राहिले असेल त्यासाठी १० ची दुसरी. आणि त्यांनी हे आयुष्य थेट न काढता ‘डी-प्लस’ नावाच्या परिचित चार्मधारी कणाच्या आयुष्याशी ताडून काढले होते. त्या डी-प्लसचे आयुष्य जेवढे अनिश्चित, तेवढ्यापुरती २ ची तिसरी. शिक्क्याचे वजनसुद्धा झिजलेले असू शकेल, हे त्यांनी आपण होऊन लिहून दिले होते. आम्ही त्या मुलीला म्हणालो, “बाई, तुझे सर गुण देवोत न देवोत, ही ओळ आम्हास फार आवडली.”

अशी अधिक-उण्याची पुस्ती जोडल्याने काय साधते, हे टॉप क्वार्कच्या हकिकतीवरून चांगले कळते, आणि तीत आपल्या माणसांचा वाटाही आहे. १९८३ साली, टॉप सापडण्यापूर्वी बारा वर्षे, पुण्यात जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांनी संदीप पाकवासा आणि दुर्गाप्रसाद रॉय यांच्यासह एक विचार मांडला. टॉप जन्मला तरी तो ओळखावयाचा कशावरून? बॉटम क्वार्क मोडताना इलेक्ट्रॉन किंवा म्यूऑन निघतो, तसा टॉप मोडतानाही निघणार. मात्र बॉटममधून निघालेला इलेक्ट्रॉन इतर तुकड्यांच्या घोळक्यातच असतो. टॉप फार जड. तो मोडताना इलेक्ट्रॉनला असा झटका बसतो की तो घोळक्यापासून दूर, एकटा उडतो. तेव्हा एकटा इलेक्ट्रॉन शोधा, ही ती खूण. पुढच्याच वर्षी सर्न येथील एका प्रयोगाने टॉप सापडल्याचे सुचविले, पण अधिक माहिती हाती आल्यावर तो दावा टिकला नाही. गोडबोलेबाई पुढे अनेक वर्षे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या; २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पुण्यातच त्यांचे निधन झाले.

टॉप अखेर अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मीलॅब येथे सापडला. तेथे एकाच टक्करयंत्रावर ‘सीडीएफ’ आणि ‘डी-झीरो’ असे दोन स्वतंत्र प्रयोग चालत. दोघांची यंत्रे निराळी, माणसे निराळी. डी-झीरोमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तसेच दिल्ली व पंजाब विद्यापीठांची मंडळी होती. २ मार्च १९९५ रोजी दोन्ही प्रयोगांनी एकत्रच शोध जाहीर केला. भौतिकशास्त्रज्ञ अशा कणांचे वजन गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट या मापात सांगतात. सीडीएफने ते १७६ सांगितले, डी-झीरोने १९९. नुसते हे दोन आकडे कोणी वाचले तर म्हणेल, यांचे आपसांत पटत नाही, कोणी तरी एक खोटा असला पाहिजे. परंतु सीडीएफने आपल्या आकड्यापुढे एकूण सुमारे १३ चे अधिक-उणे लिहिले होते आणि डी-झीरोने सुमारे ३० चे. सर्न येथील दोन प्रयोगांच्या एकत्रित मोजणीने २०२४ साली दिलेला आकडा १७२.५२ आहे, आणि त्यापुढे शंका केवळ ०.३३ ची. त्या दोनपैकी ‘सीएमएस’ या प्रयोगात मुंबईच्या संस्थेचा सहभाग आहे. हा नवा आकडा १९९५ च्या दोघांच्याही कुंपणाच्या आत पडतो. म्हणजे निराळे बोलूनही दोघे खरेच बोलले होते. कारण आपण किती खात्रीने बोलत आहोत, हे दोघांनीही सांगून ठेवले होते. जाता जाता सांगावयाचे तर हे वजन जुन्या विजेच्या दिव्यातील तारेच्या टंगस्टन या धातूच्या एका अख्ख्या अणूएवढे आहे, आणि ते एका क्वार्कचे!

एवढ्यावर हा लेख संपला असता तर आम्हास एक सोपी शिकवण मिळाली असती : आपली शंका प्रामाणिकपणे सांगा, म्हणजे झाले. परंतु ओमेगा-सीची कथा येथे अवघड वळण घेते. २०१८ पूर्वी त्याचे आयुष्य अज्ञात होते असे नव्हे. ते मोजले गेले होते, एकदा नव्हे, तीनदा. १९९५ साली फर्मीलॅबच्या एका प्रयोगाने आणि सर्नच्या एका प्रयोगाने, आणि २००३ साली फर्मीलॅबच्याच ‘फोकस’ या प्रयोगाने. तिघांचे आकडे होते ८६, ५५ आणि ७२. प्रत्येकाने आपले अधिक-उणे लिहिले होते. तिघांची सरासरी ६९, मागेपुढे १२, अशी जगभरच्या पुस्तकांत गेली आणि पंधरा वर्षे तेथे राहिली. आणि २०१८ साली उत्तर आले २६८. हा थोडाफार फरक नव्हे, जवळजवळ चौपट. जुन्याची शंका कितीही ताणली तरी ती नव्यापर्यंत पोहोचत नाही. शंका सांगितलेली होती, पण तीच अपुरी होती.

मग पंधरा वर्षे कोणी हटकले का नाही? याचे एक कारण आम्हास फार विचार करावयास लावणारे वाटले. जुना आकडा अपेक्षेप्रमाणे होता. चार्म क्वार्क एकटाच मोडत असता, त्याच्या सोबत्यांचा काहीच परिणाम होत नसता, तर सर्व चार्मधारी कणांचे आयुष्य सारखे आले असते. तसे नाही. डी-प्लस सुमारे १,०३० फेम्टोसेकंद जगतो आणि त्याचाच भाऊ डी-शून्य ४१०. फरक आहे तो चार्मच्या एका सोबत्याचा. सोबत्यामुळे आयुष्य किती वाढते वा घटते, हे समजले म्हणजे कणाच्या आत काय चालले आहे ते समजते, आणि एवढ्या अल्पायुषी कणाचे आयुष्य मोजावयाचे तेही याचसाठी. सिद्धांताच्या गणितावरून शास्त्रज्ञांचा कयास होता की आपल्या चार भावंडांत ओमेगा-सी सर्वांत आधी मोडेल. ६९ हा आकडा या कयासाशी जुळला, आणि जुळले की माणूस दुसऱ्यांदा पाहत नाही. नव्या मोजणीने क्रमच बदलला. जो चौथा होता तो दुसरा आला. मग सिद्धांतवाल्यांना आपली गणिते पुन्हा मांडून, पूर्वी लहान समजून सोडलेली पदे पुन्हा तपासावी लागली.

पण थांबा. तिघांना बाजूस सारून एकट्या चौथ्यावर विश्वास का ठेवावा? हा प्रश्न त्या मुलीनेही विचारला होता, आणि तो रास्त आहे. एलएचसीबीने स्वतःच निराळ्या वाटेने जन्मलेले ओमेगा-सी घेऊन २०२१ साली पुन्हा मोजले. २७६ च्या पुढे उत्तर आले. तरी यंत्र तेच. खरा प्रश्न दुसऱ्या कोणी, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या रीतीने पाहण्याचा होता.

तो साक्षीदार जपानमध्ये भेटला. त्सुकुबा या गावी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर घडविणारे यंत्र आहे. त्यावर ‘बेल-२’ हा प्रयोग चालतो. टक्कर होते त्या बिंदूभोवती सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचे थर एकाभोवती एक असे बसविले आहेत, आणि कणांचे तुकडे त्यांतून जाताना आपली खूण सोडतात. आतले दोन थर एका प्रकारचे, बाहेरचे चार दुसऱ्या प्रकारचे. आतून मोजता चौथा येणारा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वाट्याला होता. होमी भाभांनी १९४५ साली स्थापिलेल्या आणि आज कुलाब्याच्या समुद्रकाठी असलेल्या या संस्थेच्या मंडळींनी तो जपानमध्ये जुळविला. केसाच्या जाडीचे अंतर मोजावयाचे, तर या पट्ट्या कोठे आहेत हे त्याहूनही बारकाईने ठाऊक असावे लागते. सिलिकॉनच्या या थरांसह २०१९ च्या मार्चमध्ये बेल-२ ची मोजणी सुरू झाली. त्यांनी आधी परिचित कणांची, म्हणजे डी-प्लस आणि डी-शून्य यांची आयुष्ये मोजून आपला काटा पारखून घेतला, आणि २०२२ साली ओमेगा-सीचा आकडा दिला : २४३, मागेपुढे ४८, आणि यंत्राचे ११.

हा आकडा पाहून प्रथम आम्ही थोडे निराश झालो. ४८ ची शंका! त्यांच्याजवळ ओमेगा-सीच्या घटना होत्या जेमतेम नव्वद. जुन्या ६९ पुढे तर केवळ १२ ची शंका होती. मग कोण अधिक भरवशाचा? ती मुलगी म्हणाली, “फादर, याचा आवाज बारीक आहे, पण हा दुसऱ्या रस्त्याने आलेला आहे.” तिच्या या वाक्यात साऱ्या गोष्टीचे मर्म आहे. जुने तिघे एकाच धाटणीचे होते. स्थिर लक्ष्यावर वेगवान झोत आदळवायचा, ही तिघांचीही रीत. फर्मीलॅबचे दोघे तर एक दुसऱ्याचा वारस होते. तिघांच्या घटना मिळूनही दोनशे भरत नव्हत्या. त्यांचे एकमेकांशी जुळले, ते आपल्या अपेक्षेशीही जुळले. परंतु जुळणे निराळे आणि साक्ष निराळी. बेल-२ चाचपडत बोलला, पण त्याचे यंत्र वेगळे, टक्कर वेगळी, रीत वेगळी, आणि त्याला सर्नच्या साक्षीदाराने पढविलेले नव्हते. त्या चाचपडत्या साक्षीनेही एवढे स्पष्ट झाले की जुना ६९ त्याच्या कुंपणात बसत नाही आणि नवा २६८ बसतो.

हे वाचताना आम्हास एक लग्न आठवले. विवाहापूर्वी वधूवरांविषयी चौकशी करणे आणि विवाहाच्या वेळी दोन साक्षीदारांच्या सह्या घेणे, हे धर्मगुरूचे नित्याचे काम. काही वर्षांपूर्वी एका मुलीचे लग्न ठरले असता तीन जण आमच्याकडे वेगवेगळ्या दिवशी आले आणि मुलगा दारुडा असल्याचे तिघांनीही सांगितले. तिघेही भले लोक. मुलीच्या बापाने लग्न मोडावयाचे ठरविले होते. मुलगा दूरच्या गावचा, शिकलेला कमी, तेव्हा तसे असणारच, हे घरात सर्वांना पटूनही गेले होते. अशातच एक म्हातारी भेटली. तिचे माहेर मुलाच्या गावी. ती म्हणाली, “मी त्याले दोनच डाव पाह्यलं जी. पन तवा तं तो पेलेला नोता.” दोनच वेळा, एवढीच तिची साक्ष, आणि ती किती तोकडी आहे हेही तिनेच सांगितलेले. पण त्यामुळे आम्हास त्या तिघांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटला : तुम्हाला हे कोणी सांगितले? तिघांनीही एकाच घराचे नाव घेतले. पुढे चौकशी झाली, लग्न झाले, संसार चालू आहे. तिघांची साक्ष मुळात एकाचीच होती.

आपल्या घरांत आणि आपल्या धर्मग्रामात माणसांविषयी किती आकडे असे वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले असतात! अमक्याचा मुलगा वाया गेला, तमकीची सून घर मोडणारी, त्या कुटुंबाचे रक्तच तसे. सांगणारे पुष्कळ असतात, त्यांचे आपसांत जुळते, आणि ते आपल्या कयासाशीही जुळते. म्हणून कोणी दुसऱ्यांदा मोजीत नाही. आणि येथे मोजला जातो तो प्रयोगशाळेतला मूक कण नव्हे, तर आपल्याच शेजारी बसणारा जिवंत माणूस. कणाचे आयुष्य चुकीचे लिहिले गेले म्हणून कणाचे काही बिघडले नाही, माणसाचे बिघडते.

अधिक-उणे लिहिणे हा दुबळेपणा आहे असे पुष्कळांना वाटते. ज्याला खात्री नाही त्याने बोलावे कशाला, असा त्यांचा सूर असतो. परंतु ज्यांनी केसाच्या जाडीवरून काळ मोजण्यापर्यंत मजल मारली, ते आपल्या प्रत्येक आकड्यापुढे ही खूण न चुकता करतात. आणि तेवढ्यावरही न थांबता, दुसऱ्या रस्त्याने येणाऱ्याची वाट पाहतात. आपण कोणाविषयी काही सांगू तेव्हा आपल्याला किती ठाऊक आहे, ते कोणाकडून कळले, आणि ज्या मापाने आपण मोजले ते माप कोणी पारखले आहे काय, एवढे तीन प्रश्न स्वतःला विचारावयास फारसा वेळ लागत नाही. त्यांतील एकाचे जरी उत्तर देता आले नाही, तरी वाक्याआधी ‘सुमारे’ हा शब्द घालण्याइतका विवेक आपल्यापाशी असावा.